पंचवीस पौंडांचे संशोधन

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, विषुववृत्तावर, युगांडा नावाचा देश आहे. नाईल नदीचा एक प्रवाह ज्यातून बाहेर पडतो ते व्हिक्टोरिया सरोवर या देशाच्या दक्षिणेस पसरलेले आहे. जमीन सुपीक, पाऊस भरपूर, हवा उबदार. अशा या हिरव्यागार देशात एक भयंकर दुखणे लहान मुलांचे बळी घेत असे. मुलाचा जबडा सुजू लागे, दात हलू लागत, कधी डोळा पुढे येई, कधी पोट फुगे. आणि काही आठवड्यांतच ते मूल दगावे. दुखणे नवीन नव्हते. डॉ. आल्बर्ट कुक यांनी इ. स. १८९७ मध्ये कंपाला येथे मेंगो इस्पितळ काढले. त्यांच्या जुन्या टिपणांत अशाच एका मुलाचे हाताने काढलेले चित्र पुढे सापडले. परंतु या दुखण्याला स्वतःचे असे नाव नव्हते. गाठ जबड्यात दिसली तर तिला एक नाव देत, पोटात आढळली तर दुसरे, आणि डोळ्याच्या मागे असली तर तिसरे. एकच चोर चार गावांत चार नावांनी वावरत असावा, तसा हा प्रकार होता. त्या चोराला ज्यांनी ओळखले, त्या डॉ. डेनिस बर्किट यांची ही हकीकत आहे.

डेनिस बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील एनिस्किलन या गावी झाला. त्यांचे वडील जेम्स बर्किट हे परगण्याचे इंजिनियर होते. रस्ते आणि पूल बांधणे हा त्यांचा व्यवसाय. पण छंद होता पक्ष्यांचा. त्यांच्या बागेत तांबड्या छातीचे रॉबिन पक्षी येत. ते या पक्ष्यांना पकडून त्यांच्या पायांत धातूची लहान कडी अडकवीत आणि सोडून देत. मग कोणता पक्षी बागेच्या कोणत्या भागात राहतो, कोणाची हद्द कोठे संपते, कोण किती वर्षे जगतो, हे सारे पाहून ते टिपून ठेवीत आणि त्याचा नकाशा तयार करीत. या कामाला खर्च जवळजवळ काहीच नव्हता. लागत होती ती नजर, वही आणि पुष्कळसा धीर. पुढे पक्षिशास्त्राच्या जाणकारांनी या घरगुती उद्योगाची फार वाखाणणी केली. मुलाने पुढे जे काम केले, त्याचे बीज वडिलांच्या या बागेतच पडले असावे असे वाटते.

डेनिस अकरा वर्षांचे असताना त्यांच्यावर एक मोठे संकट कोसळले. मुलांच्या दगडफेकीत एक दगड त्यांच्या चष्म्यावर बसला, काच फुटली आणि त्यांचा उजवा डोळा कायमचा गेला. त्या जागी काचेचा कृत्रिम डोळा बसवावा लागला. शाळेत ते काही फारसे चमकले नाहीत. इ. स. १९२९ मध्ये ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले, ते वडिलांप्रमाणे इंजिनियर होण्यासाठी. परंतु तेथे त्यांचे मन रमेना. लवकरच त्यांनी तो अभ्यासक्रम सोडून वैद्यकाची वाट धरली. इ. स. १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९३८ मध्ये एडिंबरो येथील शस्त्रवैद्यांची मानाची पदवी त्यांनी मिळवली.

आफ्रिकेत जाऊन काम करावे असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांनी वसाहतींच्या वैद्यकीय खात्याकडे अर्ज केला. खात्याने तो नाकारला, कारण उमेदवाराला एकच डोळा होता. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटलेले होते. बर्किट लष्कराच्या वैद्यकीय दलात शिरले. लष्कराने मात्र त्यांना पूर्व आफ्रिकेतच पाठवले! युद्ध संपल्यावर त्यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी तो मान्य झाला आणि इ. स. १९४६ मध्ये ते युगांडातील लिरा या गावी सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाले. तेथे असताना त्यांच्या लक्षात आले की, एक विशिष्ट विकार जिल्ह्याच्या एका भागात पुष्कळ आढळतो, तर दुसऱ्या भागात क्वचितच. त्यांनी गावोगाव मोजणी केली आणि तिची नोंद प्रसिद्ध केली. रोगाला जसे कारण असते, तसा त्याला पत्ताही असतो, हे त्यांच्या ध्यानात आले ते येथेच. पुढे त्यांची बदली राजधानी कंपाला येथील मुलागो इस्पितळात झाली.

इ. स. १९५७ मध्ये एके दिवशी मुलागो इस्पितळातील डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी एका पाच वर्षांच्या मुलाला तपासण्यासाठी बर्किट यांना बोलावले. मुलाचा चेहरा पाहवत नव्हता. वरचा जबडा दोन्ही बाजूंनी आणि खालचा जबडाही दोन्ही बाजूंनी, अशा चार ठिकाणी सूज आलेली होती. एखादी गाठ एका जागी येते हे डॉक्टरांना ठाऊक होते. दातांच्या विकाराने एका बाजूला सूज येते हेही ठाऊक होते. चारही बाजूंनी एकदम गाठी याव्यात, हे कोणत्याच पुस्तकात बसेना. बर्किट यांना कोडे पडले. त्यांनी नेहमीच्या सवयीप्रमाणे त्या मुलाची छायाचित्रे घेतली.

काही आठवड्यांनी ते कंपालापासून सुमारे ऐंशी किलोमीटरांवर असलेल्या जिंजा येथील इस्पितळात गेले होते. तेथील काम करता करता त्यांनी सहज खिडकीबाहेर पाहिले. बाहेर गवतावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीचा चेहरा तसाच सुजलेला होता! बर्किट तत्काळ बाहेर गेले. त्यांनी मुलीला तपासले, तेव्हा तिच्या जबड्यांत तर गाठी होत्याच, पण पोटातही होत्या. एकदा दिसली ती विचित्र घटना म्हणून सोडून देता येते. दोनदा दिसली, तर तिचा माग काढावा लागतो.

बर्किट यांनी मुलागो इस्पितळातील जुनी कागदपत्रे उघडली. कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या नोंदी ते एकामागून एक वाचू लागले. तेव्हा असे दिसले की, जबड्यात गाठ असलेल्या मुलांना बहुधा शरीरात इतरत्रही गाठी असतात. मग ही निरनिराळी दुखणी कशी? ते एकच दुखणे असले पाहिजे. इ. स. १९५८ मध्ये त्यांनी अठ्ठावीस नव्हे, दहा अधिक, म्हणजे अडतीस मुलांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. परंतु मुलागो येथेच काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. ग्रेगरी ओकॉनर यांनी त्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासले आणि हा लसीका-पेशींचा कर्करोग आहे असा निर्णय दिला. तेथील मुलांमध्ये आढळणाऱ्या एकूण कर्करोगांपैकी जवळजवळ निम्मे याच प्रकारचे निघाले.

आता प्रश्न असा होता की, हा रोग युगांडापुरताच आहे, की साऱ्या आफ्रिकेत आहे? दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या एका शास्त्रज्ञाने आपल्याकडे अशी मुले दिसत नाहीत असे सांगितले होते. मग त्याची सीमा कोठे आहे? एवढ्या मोठ्या खंडाची पाहणी करायची म्हणजे प्रयोगशाळा हव्यात, तज्ज्ञांचा ताफा हवा, असे कोणालाही वाटेल. बर्किट यांना अनुदान मिळाले ते पंचवीस पौंडांचे. त्या काळच्या दराने हे आपले सुमारे ३३३ रुपये होतात. एवढ्या पैशांत त्यांनी एक पत्रक छापून घेतले. त्यावर रोगी मुलांची छायाचित्रे होती आणि काही साधे प्रश्न होते. असे मूल आपल्या इस्पितळात कधी आले होते काय, एवढेच त्यांना मुख्यतः विचारायचे होते. आफ्रिकेतील सरकारी आणि मिशनरी इस्पितळांना ही पत्रके टपालाने रवाना झाली.

मुलांनो, या युक्तीतील मर्म नीट पाहा. दूरच्या खेड्यातील डॉक्टराजवळ ना सूक्ष्मदर्शक यंत्र, ना क्ष-किरणांचे यंत्र. पण हा रोग असा होता की, तो चेहऱ्यावरच उमटत असे. एकदा छायाचित्र पाहिले की तो ओळखण्यास डोळ्यांवाचून दुसरे साधन लागत नव्हते. इतर कर्करोगांच्या बाबतीत ही युक्ती साधली नसती, हेही खरे. बर्किट यांचे चातुर्य हे की, हाताशी असलेल्या स्वस्त साधनाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते हे त्यांनी अचूक हेरले.

उत्तरे येऊ लागली. बर्किट यांनी आपल्या खोलीत आफ्रिकेचा एक मोठा नकाशा लावला होता. जेथे जेथे रोग आढळला असे पत्र येई, तेथे तेथे ते एक टाचणी टोचून ठेवीत. हळूहळू नकाशावर एक पट्टा उमटू लागला. विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १५ अंशांपासून दक्षिणेस सुमारे १५ अंशांपर्यंत तो आफ्रिका खंडाच्या आरपार गेला होता, आणि पूर्व किनाऱ्याने त्याची एक शेपटी खाली मोझांबिककडे उतरली होती. पट्ट्याच्या आतही काही मोकळ्या जागा होत्या. त्या का मोकळ्या राहिल्या हे पत्रांवरून कळेना. तेव्हा प्रत्यक्ष जाऊनच पाहावे असे बर्किट यांनी ठरवले.

इ. स. १९६१ च्या ऑक्टोबर महिन्यात ही प्रसिद्ध सफर निघाली. डॉ. टेड विल्यम्स आणि डॉ. क्लिफ नेल्सन हे दोन मिशनरी डॉक्टर सोबत होते. मोटार होती एक जुनी, वापरलेली फोर्ड. ती अडीचशे पौंडांना विकत घेतलेली होती. विल्यम्स यांना यंत्रांची दुरुस्ती चांगली अवगत होती, आणि आफ्रिकेतील त्या वेळचे रस्ते ध्यानात घेता ही विद्या वैद्यकाइतकीच उपयोगी होती असे म्हणावयास हरकत नाही. कंपालाहून निघून केनिया, टांगानिका, न्यासालँड, मोझांबिक, ऱ्होडेशिया असे देश ओलांडीत हे तिघे दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले आणि परत आले. यांपैकी काही देशांची नावे आता बदलली आहेत. टांगानिका हा टांझानियाचा भाग झाला आणि न्यासालँडला मलावी म्हणतात. दहा आठवड्यांत त्यांनी दहा हजार मैलांचा, म्हणजे सुमारे सोळा हजार किलोमीटरांचा प्रवास केला आणि पन्नासाहून अधिक इस्पितळांना भेटी दिल्या. प्रत्येक ठिकाणी ते आपली छायाचित्रे दाखवीत आणि तोच प्रश्न विचारीत. या साऱ्या उद्योगाला सातशे पौंडांहूनही कमी खर्च आला.

प्रवासात एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. विषुववृत्ताजवळ सुमारे पाच हजार फुटांपेक्षा उंच प्रदेशात हा रोग नव्हता. जसजसे दक्षिणेकडे जावे, तसतशी ही उंचीची मर्यादा खाली खाली येत होती. अगदी दक्षिणेस तर ती एक हजार फुटांवर आली. उंची हेच कारण असते, तर मर्यादा सगळीकडे सारखी असावयास हवी होती. मग बदलत काय होते? बदलत होते हवेचे उष्णतामान. विषुववृत्तापासून जितके दूर जावे, तितक्या कमी उंचीवर थंडी लागते. जेथे थंडीच्या दिवसांत उष्णतामान १६ अंश सेल्सिअसच्या बरेच खाली जाते, तेथे हा रोग नाही असा निष्कर्ष निघाला. पुढे बर्किट पश्चिम आफ्रिकेत गेले. तेथे उष्ण सखल प्रदेशातही काही भाग मोकळे होते. ते भाग कोरडे, कमी पावसाचे होते. ऊब आणि ओल, दोन्ही जेथे आहेत तेथेच हा रोग! ऊब आणि ओल आणखी कोणाला मानवतात? डासांना. डासांनी पसरणाऱ्या हिवतापाचा या कर्करोगाशी काही संबंध असावा, या शंकेचा उगम तेथे झाला.

दरम्यान लंडनमध्ये आणखी एक धागा गुंफला गेला होता. २२ मार्च १९६१ रोजी बर्किट यांनी तेथील मिडलसेक्स इस्पितळात या रोगावर व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ होते. कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो काय, याचा ते शोध घेत होते. हवापाण्यावर अवलंबून असणारा कर्करोग हे ऐकताच त्यांचे कान टवकारले. मुलागो येथून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला जाऊ लागले. सुमारे दोन वर्षे हाती काहीच लागले नाही. इ. स. १९६३ च्या डिसेंबरमध्ये धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले आणि तुकडा उशिरा पोहोचला. ज्या द्रवात तो ठेवला होता तो गढूळ दिसत होता. नासला असे समजून कोणीही तो फेकून दिला असता. पण तपासणीत असे आढळले की, द्रवातील गढूळपणा सुट्या झालेल्या जिवंत पेशींचा आहे. एप्स्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी त्या पेशी वाढवल्या आणि १९६४ मध्ये त्यांत एक नवा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. माणसाच्या कर्करोगाशी संबंध असलेला हा पहिला विषाणू. आज आपणांस ठाऊक आहे की, हा विषाणू जगातील बहुतेक माणसांच्या शरीरात असतो आणि सहसा उपद्रव देत नाही. ज्या मुलांना लहानपणापासून वारंवार हिवताप येतो, त्यांच्यात मात्र तो या रोगाला वाट करून देतो.

शोध झाला, मुलांचे काय? बर्किट हे शस्त्रवैद्य होते, पण जबड्यातील ही गाठ कापून मूल वाचत नाही हे त्यांना कळून चुकले होते. किरणोपचाराची सोय युगांडात नव्हती. तेव्हा त्यांनी औषधांचा प्रयोग सुरू केला. त्यांपैकी एक औषध मेथोट्रेक्सेट. आंध्रात जन्मलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेतील ज्या प्रयोगशाळेचे नेतृत्व केले, तेथूनच हे औषध बाहेर पडले होते. सुब्बाराव १९४८ मध्ये वारले. आपल्या हाताखाली घडलेले औषध आफ्रिकेतील मुलांच्या उपयोगी पडलेले त्यांना पाहावयास मिळाले नाही. या औषधांनी काही मुलांच्या गाठी थोड्याच दिवसांत विरघळू लागल्या. सर्वच मुले वाचली असे नाही. परंतु थोड्याशा मात्रा घेऊन घरी गेलेली काही मुले अनेक वर्षांनंतरही धडधाकट आढळली.

उपाय सापडला आणि त्याबरोबर एक नवी निकड उत्पन्न झाली. ही गाठ इतक्या वेगाने वाढते की, एक-दोन दिवसांत तिच्या पेशी दुप्पट होऊ शकतात. गाठीचा तुकडा दूरच्या शहरी पाठवून उत्तराची महिनाभर वाट पाहणे म्हणजे मूल गमावणेच. शिवाय आता नुसते चेहऱ्यावरून भागणार नव्हते. विषारी औषध देण्यापूर्वी रोगाची खात्री करून घेणे आवश्यक होते. मुलागो येथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. डेनिस राइट यांनी यावर काम केले. गाठीचा ताजा तुकडा काचपट्टीला हलकेच टेकवावयाचा, काच वाळू द्यावयाची, तिच्यावर रंग चढवावयाचा आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली धरावयाची. हा रंग तरी कोणता? रक्त तपासताना आणि हिवतापाचे जंतू शोधताना वापरतात त्याच जातीचा. काचेवर गडद निळ्या रंगाच्या गोल पेशी दिसतात आणि त्यांत चरबीचे सूक्ष्म थेंब रिकाम्या छिद्रांसारखे उमटतात. जाणत्या डोळ्याला तेवढे पुरे होते. पुढे तर तुकडा कापण्याचीही गरज उरली नाही. बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी ओढून काढता येऊ लागल्या. जेथे मोठ्या प्रयोगशाळा नाहीत, तेथे अशी तपासणी त्याच दिवशी उत्तर देऊ शकते.

बर्किट यांनी १९६६ मध्ये युगांडा सोडले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी आहारातील कोंडा आणि चोथा यांचे महत्त्व सांगण्याचे व्रत घेतले. विलायतेतील कित्येक लोक त्यांना त्या कामामुळेच ओळखतात. इ. स. १९७२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. २३ मार्च १९९३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या हयातीतच डॉक्टर मंडळी त्या दुखण्याला बर्किट यांचे नाव देऊन मोकळी झाली होती.

त्या दुखण्याची हकीकत मात्र अजून संपलेली नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांपैकी अनेकांत तीसही होत नाहीत. रोग उशिरा ओळखला जातो किंवा ओळखलाच जात नाही, हे याचे एक मोठे कारण जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे प्रमाण जगभर निदान साठापर्यंत नेण्याचा संकल्प तिने २०१८ मध्ये केला असून त्यासाठी २०३० सालाची मुदत घातली आहे. काचपट्टी स्वस्त आहे, रंगही स्वस्त आहे; पण काच वाचणारा शिकलेला मनुष्य अनेक जिल्ह्यांत मिळत नाही. रक्ताच्या कर्करोगासारख्या काही रोगांना तर याहून अधिक तपासण्या लागतात. बर्किट गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, मुलागोच्या टेकडीवर या रोगाच्या मुलांसाठी एक लहानसे उपचार केंद्र उघडण्यात आले. आज ते युगांडाची कर्करोग संस्था म्हणून ओळखले जाते. दूरदूरच्या खेड्यांतून आया आपल्या सुजलेल्या चेहऱ्याच्या मुलांना घेऊन तेथे येतात, आणि पहिली तपासणी सुईने काढलेल्या थेंबभर पेशींची होऊ शकते.